विश्लेषण : गाणं ‘पारंपरिक’ असेल तर ते नेमकं कोणाचं? ओडेटा यांच्या १९५६ च्या अल्बमची गोष्ट

एक गायिका, तिची गिटार आणि जुनी गाणी. अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने काढलेल्या या रेकॉर्डने बॉब डिलनला इलेक्ट्रिक गिटार सोडायला लावली. तिच्यातलं गाणं सात वर्षांनी वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चात गायलं गेलं. हा अल्बम एवढा महत्त्वाचा का ठरला आणि त्यातली गाणी मुळात कोणाची, ते समजून घेऊया.

मोबाइलवर गाणं वाजत असताना तीन टिंबांवर टॅप केलं की श्रेयनामावली उघडते. गायक, संगीतकार, गीतकार. बरेचदा गीतकाराच्या जागी एकच शब्द असतो, ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे पारंपरिक. आपण तो वाचतो आणि पुढे जातो. कोणीतरी, कधीतरी, कुठेतरी लिहिलं असेल, एवढाच त्याचा अर्थ आपण लावतो.

पण गाणं आपोआप तयार होत नाही. ते कोणाच्या तरी तोंडून पहिल्यांदा बाहेर पडतं, दुसरा ते उचलतो, तिसरा त्यात एक कडवं घालतो. ‘पारंपरिक’ या एका शब्दामागे अशी किती माणसं उभी असतात, हे पाहायचं असेल तर ‘ओडेटा सिंग्ज बॅलड्स अँड ब्लूज’ हा अल्बम फार उपयोगी आहे.

ओडेटा कोण होत्या?

ओडेटा होम्स यांचा जन्म ३१ डिसेंबर १९३० रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात झाला. हे शहर लोखंड, पोलाद आणि कोळशाचं. वडील लहानपणीच गेले. १९३७ मध्ये आई मुलींना घेऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या लॉस एंजेलिसला निघाली. ओडेटा तेव्हा सहा वर्षांच्या होत्या.

या रेल्वेप्रवासातला एक प्रसंग त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत सांगितला. वाटेत कंडक्टर आला आणि कृष्णवर्णीय प्रवाशांनी हा डबा सोडून दुसऱ्या डब्यात जायचं, असं त्याने फर्मावलं. आपल्याला झालेली ती पहिली मोठी जखम होती, असं त्या म्हणत.

लॉस एंजेलिसमध्ये शाळेतच त्यांच्या आवाजाकडे लक्ष गेलं आणि तेराव्या वर्षी ऑपेरा गायनाचं शिक्षण सुरू झालं. आपल्याकडे एखाद्या मुलीला लहानपणापासून शास्त्रीय संगीताच्या तालमीला बसवावं, तसंच हे. पुढे त्या दिवसा लोकांच्या घरी घरकाम करत आणि रात्री लॉस एंजेलिस सिटी कॉलेजमध्ये संगीताच्या वर्गाला जात.

मग ऑपेरा सोडून लोकगीतांकडे का वळल्या?

पहिलं कारण सरळ आहे. पुढे दार बंद होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या अमेरिकेतल्या सर्वांत प्रतिष्ठित मंचावर मुख्य भूमिकेत पहिली कृष्णवर्णीय गायिका उभी राहिली ती थेट जानेवारी १९५५ मध्ये. मरियन अँडरसन हे तिचं नाव आणि तेव्हा तिचं वय ५७ होतं. ओडेटा शिकत होत्या त्या चाळीसच्या दशकात हेही घडलेलं नव्हतं. धिप्पाड, काळ्यासावळ्या मुलीला तिथे कोण उभं करणार, हा हिशेब त्यांना कळत होता.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. १९४९ मध्ये ‘फिनियन्स रेनबो’ या संगीतिकेच्या दौऱ्यात त्या कोरसमध्ये होत्या. त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गिटार घेऊन जुनी लोकगीतं गाणाऱ्या तरुणांशी त्यांची गाठ पडली. त्यांनी ऐकलेली गाणी कैद्यांची, मजुरांची, गुलामगिरीतून आलेल्या लोकांची होती. शाळेच्या पुस्तकात या माणसांना जागा नव्हती. असलीच तर ती गुलाम म्हणून, तेही जणू स्वतःच्या नशिबावर खूश असल्यासारखी.

ऑपेरा शिकून आपल्याला तंत्र मिळालं, पण आपल्या आयुष्याशी त्याचा संबंध नव्हता, अशा अर्थाचं त्या नंतर अनेकदा बोलल्या. मनात साचलेला राग आणि द्वेष उघड बोलून दाखवायची सोय नव्हती. तुरुंगातल्या कैद्याचं गाणं गाताना मात्र तो बाहेर काढता येत होता. ऐकणाऱ्यांना वाटे, बाई कैद्याचा अभिनय करतेय. त्या मात्र स्वतःबद्दल गात होत्या.

याच सुमारास त्यांनी आणखी एक निर्णय घेतला. केस सरळ करण्याची तेव्हाची रीत सोडून त्यांनी ते नैसर्गिक कुरळे, आखूड ठेवले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मंचावर असं दिसणं धाडसाचं होतं. पुढे काही जण या केशरचनेलाच ‘ओडेटा’ म्हणू लागले.

अल्बम कधी आणि कसा आला?

सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘टिन एंजल’ क्लबमध्ये त्या लॅरी मोर या बँजोवादकासोबत गात. १९५४ मध्ये या जोडीचा अल्बम आला. त्यानंतर १९५६ मध्ये ‘ट्रॅडिशन रेकॉर्ड्स’ या नव्या कंपनीसाठी त्यांनी पहिला एकल अल्बम केला. त्याचंच नाव ‘ओडेटा सिंग्ज बॅलड्स अँड ब्लूज’.

ही कंपनी डायन हॅमिल्टन या श्रीमंत घराण्यातल्या संगीतप्रेमी बाईंनी सुरू केली होती. कारभार पाहत होते पॅडी क्लॅन्सी. पुढे आयरिश लोकगीतांसाठी जगभर नाव झालेल्या क्लॅन्सी बंधूंपैकी हे एक. कंपनीच्या नावातच परंपरा होती आणि धोरणही तेच. जुनी गाणी, कमी वाद्यं, झगमगाट नाही.

१९५६ हे वर्षही लक्षात घ्यायला हवं. अलाबामातल्याच मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी डिसेंबर १९५५ मध्ये बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला होता. त्यानंतर कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. म्हणजे जवळपास पूर्ण १९५६. रेडिओवर त्याच वर्षी एल्विस प्रेस्लीची लाट होती. दुसरीकडे डाव्या विचारांच्या लोकगायकांवर सरकारी चौकशांची टांगती तलवार होती. पीट सीगर यांनी १९५५ मध्ये संसदीय समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला होता. अशा वातावरणात एका कृष्णवर्णीय गायिकेने कैद्यांची आणि मुक्तीची गाणी रेकॉर्डवर आणली.

या अल्बममध्ये नेमकं काय आहे?

आधी नावातले दोन शब्द. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गीत. आपल्या पोवाड्याशी त्याचं लांबचं नातं जोडता येईल. ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचा गीतप्रकार. त्याच्या नेहमीच्या साच्यात पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. त्यात काही स्वर, विशेषतः सप्तकातला तिसरा आणि सातवा, ठरल्या जागेपेक्षा किंचित खाली ओढून गातात. ब्लूजमधली ती ओळखीची कळ या ओढण्यातून येते.

अल्बममध्ये १६ ट्रॅक आहेत आणि त्यांची जातकुळी एक नाही. ‘सँटी अ‍ॅनो’ हे खलाशांचं गाणं. जहाजावर जड दोर ओढताना, नांगर उचलताना ते म्हणत. त्यात मेक्सिकोचा सेनापती सांता अ‍ॅना येतो. ‘जॅक ओ डायमंड्स’ जुगाऱ्याचं. ‘जोशुआ’ हे गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेलं भक्तिगीत, म्हणजे स्पिरिच्युअल. ‘बीन इन द पेन’ आणि ‘अनदर मॅन डन गॉन’ ही तुरुंगाच्या सावलीतली. शेवटचा ट्रॅक तीन भक्तिगीतांची एकत्र गुंफण असून त्याचं नाव ‘स्पिरिच्युअल ट्रिलॉजी’ आहे.

वाद्यवृंद नाही. ओडेटा यांचा आवाज आणि त्यांचीच गिटार. त्यांची गिटार वाजवण्याची पद्धत नाजूक नव्हती. उजव्या हाताचा जोरकस फटका गिटारला ढोलकीच्या कामाला लावतो. त्यावर तालमीतून आलेला दमदार, खोल आवाज. ऑपेराने शिकवलेला श्वास त्यांनी इथे वापरला, पण ऑपेरासारखं गोड, गोलाई दिलेलं गायन केलं नाही. गरज असेल तिथे आवाज खरवडू दिला.

एक इंजिनीअर म्हणून मला इथे गंमत वाटते. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये पन्नास-साठ ट्रॅक एकमेकांवर रचले जातात आणि तरी गाणं पोकळ वाटू शकतं. इथे आवाज आणि गिटार एवढंच आहे, पण हेडफोन लावून ऐकलं की खोली भरून जाते. रिकामी जागा भरायची घाई त्यांनी केलेली नाही.

तुरुंगातली गाणी आली कुठून?

इथे थोडा इतिहास आवश्यक आहे. १८६५ मध्ये अमेरिकी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. मात्र तिच्यात एक अपवाद ठेवला गेला. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम करवून घेता येईल, असा तो अपवाद.

दक्षिणेतल्या राज्यांनी या फटीचा पुरेपूर वापर केला. भटकंती, बेकारी अशा किरकोळ आरोपांखाली कृष्णवर्णीयांना पकडायचं आणि कैदी म्हणून खाणी, कारखाने, मळे यांना भाड्याने द्यायचं. सरकारला भाडं मिळे, मालकाला फुकटात मजूर. ही पद्धत सर्वांत शेवटी, १९२८ मध्ये बंद झाली ती अलाबामात. तिथे अशा कैद्यांचा मोठा ग्राहक होता बर्मिंगहॅम परिसरातला कोळसा उद्योग. ओडेटा यांचा जन्म याच शहरात, त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी झाला. म्हणजे ही गाणी त्यांच्यासाठी दूरच्या इतिहासातली नव्हती. ज्या शहरात त्या जन्मल्या, तिथल्या जमिनीखाली ती घडली होती.

भाड्याने देणं थांबलं, पण सक्तमजुरी थांबली नाही. सरकारी तुरुंग-मळ्यांवर आणि रस्त्यांच्या कामांवर कैद्यांच्या टोळ्या राबत राहिल्या. तिथे गाणं ही चैन नव्हती. दहा माणसं एकाच झाडावर कुऱ्हाड चालवत असतील तर घाव ठेक्यात पडायला हवेत, नाहीतर शेजाऱ्याचा हात तुटायचा. म्हणून एक जण ओळ उचलायचा आणि बाकीचे ती झेलायचे. आपल्याकडे शेतात म्हटली जाणारी भलरी ज्यांनी ऐकलीय, त्यांना ही पद्धत लगेच ओळखू येईल. गाण्याचा वेग पुढच्या माणसाच्या हातात असे. त्यामुळे थकलेल्या, आजारी सोबत्याला सांभाळून घेता येई. एकटा मागे पडला तर मुकादमाच्या नजरेत येणार, पण सगळेच ठेक्यात असले की कोणी मागे पडत नाही.

ही गाणी बाहेर आली ती मुख्यतः ध्वनिमुद्रणामुळे. १९३३ मध्ये जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन यांनी गाडीत रेकॉर्डिंगचं अवजड यंत्र घालून दक्षिणेतले तुरुंग पालथे घातले. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी, म्हणजे ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’साठी ते गाणी गोळा करत होते. लुईझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना याच दौऱ्यात हडी लेडबेटर हा कैदी भेटला. जग त्याला ‘लेड बेली’ म्हणून ओळखतं.

‘अनदर मॅन डन गॉन’ हे गाणं कोणाचं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ओडेटा यांच्या अल्बममधलं हे गाणं एका निघून गेलेल्या माणसाबद्दल आहे. तो कोण, कुठे गेला, पळाला की संपवला गेला, हे गाणं नीट सांगत नाही. ओळी थोड्या आणि प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा. जे उघड बोलता येत नाही, ते या पुनरावृत्तीत ऐकू येतं.

हे गाणं जॉन लोमॅक्स यांनी १९४० मध्ये अलाबामातल्या लिव्हिंग्स्टन गावात ध्वनिमुद्रित केलं. गाणारी होती व्हेरा हॉल. लोकांच्या घरी स्वयंपाक करणारी, कपडे धुणारी बाई. रुबी पिकन्स टार्ट या स्थानिक संग्राहक बाईंनी तिची लोमॅक्स यांच्याशी गाठ घालून दिली. व्हेराने कोणत्याही वाद्याशिवाय ते गायलं आणि ते रेकॉर्डिंग ग्रंथालयाच्या संग्रहात गेलं.

त्यानंतर हे गाणं फिरत राहिलं. ओडेटा यांनी १९५६ मध्ये गायलं, जॉनी कॅशने १९६३ मध्ये. कॅशच्या रेकॉर्डवरच्या श्रेयात व्हेरा हॉलसोबत दोन्ही लोमॅक्स आणि रुबी टार्ट यांचीही नावं आहेत. गाणं एकीने गायलं, श्रेय चौघांत वाटलं गेलं.

यात सगळे लबाड होते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. लोमॅक्स गाडी घेऊन गेले नसते तर व्हेरा हॉलचा आवाज आपल्यापर्यंत आलाच नसता, हे खरं आहे. पण गाणं गोळा करणं आणि गाणं रचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तितकंच खरं. १९९९ मध्ये मोबी या संगीतकाराने ‘नॅचरल ब्लूज’ नावाचा ट्रॅक केला. तो जगभर गाजला. त्यात पुन्हा पुन्हा येणारा बाईचा आवाज व्हेरा हॉलचा आहे. ती १९६४ मध्ये वारली होती. क्लबमध्ये त्या आवाजावर नाचणाऱ्या किती जणांना तिचं नाव माहीत असेल?

कायदा काय म्हणतो?

एका गाण्यात हक्कांचे साधारण तीन थर असतात.

पहिला, मूळ रचना, म्हणजे शब्द आणि चाल. रचना खरोखर जुनी आणि अनामिक असेल तर ती सार्वजनिक मालकीची. ती गायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा, नवी मांडणी. जुन्या गाण्याला कोणी नवं रूप दिलं तर त्या रूपावर तो हक्क सांगू शकतो. ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे जुनं लोकगीत ‘द अ‍ॅनिमल्स’ या ब्रिटिश बँडने १९६४ मध्ये गाजवलं. मांडणीचं श्रेय मात्र पाचांपैकी एकाच्या, कीबोर्ड वाजवणाऱ्या अ‍ॅलन प्राइसच्या नावावर लागलं.

तिसरा थर ध्वनिमुद्रणाचा. गाणं कितीही जुनं असो, विशिष्ट रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो. भारतात तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार १९४७ ते १९५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना ११० वर्षांचं संरक्षण आहे.

गंमत अशी की अनामिक मानली जाणारी सगळीच गाणी अनामिक नसतात. याच अल्बममधलं ‘म्यूलस्किनर ब्लूज’ जिमी रॉजर्स या गायकाने १९३० मध्ये रेकॉर्ड केलं होतं. ‘शेम अँड स्कँडल’ हे कॅलिप्सो १९४३ च्या एका हॉलीवूडपटात त्रिनिदादच्या सर लॅन्सेलॉट या गायकाने गायलं होतं. गाणं लोकांच्या तोंडी बसलं की कर्त्याचं नाव गळायला लागतं.

सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. ओपन सोर्स कोड कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. पण आधीच्या माणसांची नावं पुसायची नाहीत, हा तिथला साधा शिष्टाचार. लोकगीत हा हजारो हातांनी लिहिलेला कोडच आहे. फरक एवढाच, की इथे कोणी बदलांची नोंदवही ठेवली नाही आणि जिथे ठेवली तिथे पेन एकाच्याच हातात होतं.

मग ओडेटा यांनी नवीन काय केलं?

प्रश्न रास्त आहे. गाणी त्यांची नव्हती. मग श्रेय कशाचं?

‘गॉड्स गॉना कट यू डाउन’ या ट्रॅकचं उदाहरण घेऊ. केलेल्या कर्माचा हिशेब कधीतरी द्यावा लागेल, असं बजावणारं हे भक्तिगीत. चाळीसच्या दशकात ते गॉस्पेल गाणाऱ्या पुरुषांच्या चौकडी ‘रन ऑन’ या नावाने झपाट्याने गात. १९६७ मध्ये एल्विसने गायलं, १९९९ मध्ये मोबीने नमुना म्हणून वापरलं आणि २००६ मध्ये जॉनी कॅशच्या मृत्यूनंतर आलेल्या अल्बममधून ते नव्या पिढीपर्यंत पोहोचलं. अनेकांना ते कॅशचंच गाणं वाटतं.

चौकडीच्या गायनात खेळकरपणा आहे. ऐकताना पाय हलतात. ओडेटा तेच एकट्या उभ्या राहून गातात तेव्हा तो इशारा होतो. १९५६ मध्ये, अलाबामात जन्मलेली कृष्णवर्णीय बाई ‘हिशेब होणार’ असं गाते, तेव्हा तो कोणाला उद्देशून आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. एक शब्द न बदलता गाण्याचा पत्ता बदलतो.

त्यांचं योगदान हेच. जुनी गाणी जपून कपाटात ठेवण्यासाठी त्यांनी गायली नाहीत. आपल्या काळात त्यांचा अर्थ काय, हे ठरवून गायली. आणि गाणाऱ्या कैद्याला, मजुराला त्यांनी केविलवाणं केलं नाही. तो त्यांच्या आवाजात ताठ उभा राहतो.

बॉब डिलनचा याच्याशी काय संबंध?

१९७८ मधल्या एका मुलाखतीत डिलन यांनी सांगितलं, की लोकगीतांकडे त्यांना सर्वप्रथम ओढलं ते ओडेटा यांनी. रेकॉर्डच्या दुकानातच रेकॉर्ड ऐकून पाहता येई, त्या काळातली ही गोष्ट. त्यांनी हा अल्बम ऐकला आणि आपली इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर देऊन साधी अकूस्टिक गिटार घेतली. मग अल्बममधली गाणी शिकून काढली. तोपर्यंत मिनेसोटातला हा मुलगा रॉक अँड रोलच्या नादात होता.

२०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालेल्या माणसाची वाट या रेकॉर्डने वळवली. पुढे १९६५ मध्ये ओडेटा यांनी ‘ओडेटा सिंग्ज डिलन’ हा पूर्ण अल्बम केला. ज्याने त्यांच्याकडून गाणी उचलली, त्याची गाणी त्यांनी गायली. गाणं हातोहात जाणं म्हणतात ते असं.

तरीही हिशेब सारखा झाला नाही. साठच्या दशकात लोकगीतांची लाट आली तेव्हा तिचे सर्वांत मोठे चेहरे गोरे होते. ओडेटा यांना मान मिळाला, तेवढं व्यावसायिक यश मिळालं नाही.

रेकॉर्डवरचं गाणं रस्त्यावर कसं आलं?

२८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख लोक जमले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ‘माझं एक स्वप्न आहे’ हे भाषण याच दिवशीचं. त्या मंचावर ओडेटाही गायल्या. ‘स्पिरिच्युअल ट्रिलॉजी’ या अल्बमच्या शेवटच्या ट्रॅकमधलं स्वातंत्र्याचं गाणं त्यांनी तिथे गायलं.

गुलामगिरी संपत असतानाच्या काळात रुजलेलं, चर्चमध्ये टिकलेलं, १९५६ मध्ये रेकॉर्डवर आलेलं गाणं १९६३ मध्ये पुन्हा आपल्या मूळ कामाला लागलं. १९६५ च्या सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चातही त्या सहभागी झाल्या. आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गाणी कोणती, असं रोझा पार्क्स यांना विचारलं गेलं तेव्हा ओडेटा गातात ती सगळी, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं होतं.

आपणही या गाण्यांच्या कुटुंबाला अजिबात अनोळखी नाही. शाळेच्या प्रार्थनेत, शिबिरात आपण ‘हम होंगे कामयाब’ म्हणतो. त्याचं मूळ ‘वी शाल ओव्हरकम’ हे याच चळवळीचं गाणं. हिंदी शब्द कवी गिरिजाकुमार माथुर यांचे. आपल्यापैकी किती जणांनी ते नाव शाळेत ऐकलं होतं?

आपण यातून काय घ्यावं?

नावं जपण्याचं काम अशक्य नाही, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्या ऐकताना ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गावही असतं. ओवी शेकडो वर्षांची असेल, पण ही ओवी अमुक गावच्या अमुक बाईंनी गायली, हे तिथे लिहिलेलं आहे. एवढी एक ओळ लिहिली की ‘पारंपरिक’ या शब्दाला माणसाचा चेहरा मिळतो.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

पूर्ण अल्बम स्ट्रीमिंगवर शोधता येतो. आधी शेवटचा ट्रॅक ‘स्पिरिच्युअल ट्रिलॉजी’ ऐका. मग ‘गॉड्स गॉना कट यू डाउन’ ओडेटा यांचं आणि लगोलग जॉनी कॅशचं. त्यानंतर ‘अनदर मॅन डन गॉन’ आधी व्हेरा हॉलचं आणि मग ओडेटा यांचं. एवढ्या पाच ट्रॅकमध्ये हा लेख कानाने वाचून होईल.

ओडेटा शेवटपर्यंत गात राहिल्या. १९९९ मध्ये त्यांना अमेरिकेचं ‘नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स’ मिळालं आणि त्याच वर्षी ब्लूज गाणारा नवा अल्बमही आला. बराक ओबामा यांच्या शपथविधीला गायची त्यांची इच्छा होती. तो समारंभ २० जानेवारी २००९ रोजी होणार होता. २ डिसेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. सात आठवडे कमी पडले.

पुढच्या वेळी गाण्याच्या श्रेयात ‘पारंपरिक’ दिसलं तर एक मिनिट थांबा आणि हे आधी कोणी गायलं होतं, ते शोधा. बहुतेकदा एखादं नाव सापडतं.